खाली बघा, भावजी

शुक्रवार

तुतारी एक्सप्रेस दुपारी सावंतवाडी रोडला पोचली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. वहिनी स्टेशनबाहेर गाडीत बसल्या होत्या. मागच्या सीटवर तांदूळ चाळायची मोठी चाळण, दोन पांढऱ्या चादरी, बॅटऱ्या, भिंग, चित्रकलेचे बारीक ब्रश आणि चकलीचा डबा. चकल्या माझ्यासाठी, बाकी सगळं किड्यांसाठी.

वहिनी कुडाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. पावसाळा लागला की देवरायांमधून फिरून उडता न येणाऱ्या किड्यांची टिपणं करायची, हा त्यांचा नाद. दादा या फिरतीला विटलाय, म्हणून यंदा वर्णी माझी लागली. माझी पात्रता एवढीच की मी घाटात गाडी चालवतो आणि जळवांना घाबरत नाही.

संध्याकाळच्या आत आंबोली गाठली. वहिनींना आधी हिरण्यकेशीला जायचं होतं. शंकराचं देऊळ, मागे गुहा आणि गुहेतून बाहेर पडणारं थंडगार पाणी. नदी इथे जन्मते आणि कोकणात न उतरता पूर्वेकडे घटप्रभेला जाऊन मिळते. या देवळाच्या पाण्यात बोटाएवढा एक मासा सापडला. २०२० साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, नाव पडलं शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने हा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. क्षेत्र किती, तर २.११ हेक्टर. मुंबईत एखाद्या गृहसंकुलाची पार्किंगची जागा याहून मोठी असते.

"म्हणजे एवढ्याशा जागेला आणि एवढ्याशा जिवालाही संरक्षण मिळू शकतं," वहिनी म्हणाल्या. "मला हे कुणालाही सांगता यावं म्हणून दरवेळी इथूनच सुरुवात करते. ग्रामपंचायतीत गेलं की पहिला प्रश्न हाच येतो, किड्यासाठी कोण राखतो काय?"

रात्री मुक्कामाच्या व्हरांड्यात दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे झुंडीने आले. पहिल्या पावसानंतर नेहमीचंच दृश्य. थोड्या वेळात फरशीवर पंखांचा थर साचला आणि किडे पायी चालू लागले. आयुष्यात एकदा उडायचं, जोडीदार गाठायचा, पंख गाळून टाकायचे आणि मातीत शिरायचं. मी केरसुणी आणायला निघालो, तर वहिनींनी हात धरून बसवलं. "पंख ही महागडी चीज आहे, भावजी. ते बनवायचे, त्यांना हलवणारे स्नायू पोसायचे. गरज संपली की टाकून देणं शहाणपणाचं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ज्या किड्याचं घर शेकडो पिढ्या हललं नाही, जिथे सावली, ओल आणि खाणं पायाखालीच आहे, तिथे उडण्यावर केलेला खर्च वाया जातो. तोच खर्च मादीने अंड्यांवर केला तर वंश जास्त वाढतो. म्हणून अनेक जातींत नराला पंख असतात आणि मादीला नसतात. जुन्या, स्थिर जंगलांत असे किडे सापडतात, आणि अडचणही तीच. जंगल तुटलं की पाखरू उठून दुसरीकडे जातं. यांना जायला पायच, आणि पायांचा पल्ला रात्रीला काही हात.

शनिवार

सकाळी घाट उतरून खाली आलो. गावाचं नाव सांगत नाही. वहिनींची अट आहे, कारण हल्ली किडे विकत घेणारे हौशी लोकही असतात.

देवराई सातेरीची. मूर्ती नाही, देवी म्हणजे वारूळ. तळकोकणात आणि गोव्यात सातेरी अशीच पुजली जाते. आदल्या रात्री पंख गाळणारी वाळवी बघितलेली, त्यामुळे त्या वारुळासमोर हात जोडताना मला जरा वेगळंच वाटलं. ज्या मातीला गाव देवी म्हणतो ती बिनपंखी कामकऱ्यांनीच रचलेली.

गुरव तात्या सत्तरीचे. आम्हाला रानाच्या तोंडाशी थांबवलं. "मोटार हयच ऱ्हवांदे. चामड्याचा काय आसात तर काढून ठेवा." मी पट्टा काढला. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. बा देवी म्हाराजा, ही लेकरां आज तुझ्या रानात इली हत, तेंच्या हातसून काय चुकला-माकला तर पदरात घे. बाजूला उभ्या असलेल्या दोघा मानकऱ्यांबरोबर मीही ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

वहिनींनी तात्यांना एक विनंती केली होती. थोडा पाचोळा पिशवीत भरून घरी नेता आला तर सावकाश बघता येईल. तात्यांनी कौल लावला. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या पाषाणाला डकवल्या आणि आम्ही वाट बघत बसलो. डावी पाकळी पडली, म्हणजे नकार. दुसरा प्रश्न, हयच बसून बघितला तर? बराच वेळ काही नाही. मग उजवी पडली.

"देवीन सांगल्यान तसा करा," तात्या म्हणाले. "रानातलो पातेरो कोण घराक नेणा नाय."

वहिनींना राग आला नाही, उलट खूश झाल्या. त्याचं कारण मला दुपारपर्यंत कळत गेलं.

कोकणात पातेरा म्हणजे कचरा नव्हे. भाताच्या तरव्याची, म्हणजे रोपांच्या वाफ्याची, भाजावळ करायला चैत्र-वैशाखात डोंगर झाडून पातेरा गोळा होतो आणि शेतात पसरून जाळला जातो. गोठ्यात, आंब्याच्या आळ्यात, सगळीकडे तोच लागतो. म्हणजे गावाच्या हद्दीत जमिनीवर पडलेलं पान सहसा कुजेपर्यंत टिकत नाही. टिकतं ते फक्त देवाच्या रानात, कारण तिथली काडीही उचलायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा हा नेम त्यांनीही नोंदवला होता. आपण देवराई म्हटलं की वर बघतो. केवढा वृक्ष, किती जुना, वेल मांडीएवढी जाड. वहिनी मला दिवसभर एकच वाक्य ऐकवत होत्या, "खाली बघा, भावजी."

काम असं. एका झाडाच्या बुंध्याशी हातभर लांब-रुंद चौकोन आखायचा. वरची कोरडी पानं बाजूला ठेवायची. खालची काळी, एकमेकांना चिकटलेली पानं मूठमूठ चाळणीत घ्यायची, खाली चादर धरायची आणि हळू हलवायचं. चादरीवर जे पडेल ते बघायचं, फोटो काढायचा आणि सगळं जसंच्या तसं परत घालायचं, पानांच्या थरांच्या क्रमासकट. हा क्रम वहिनी फार काटेकोरपणे पाळतात. वरची हवेशीर, मधली बुरशीने पांढरी झालेली आणि खालची जवळपास माती झालेली. तिन्ही मजल्यांवरची वस्ती निराळी.

पहिल्या चाळणीत एक काळी, चकचकीत गोळी गडगडत आली. मी आनंदाने "सापडला!" म्हणालो. वहिनींनी भिंग दिलं आणि पाय मोजायला सांगितले. पुष्कळ निघाले. म्हणजे तो गोळी होणारा वाणू, पैसा नावाच्या बहुपायी जिवाचा भाऊबंद, कीटक नव्हेच. पण तसंच अंग गोळा करणारं झुरळही असतं, त्याच्या मादीला पंख नसतात आणि पाय सहाच. ते मात्र आम्हाला दिवसभरात दिसलं नाही.

दिसलं ते हे. लाल-काळ्या मखमलीची, मुंगीसारखी दिसणारी पण मुंगी नसलेली गांधीलमाशीची मादी, जिच्या नराला पंख आहेत आणि हिला नांगी आहे. बारीक काटक्यांची पिशवी अंगाभोवती विणून झाडाच्या सालीला लटकलेला सुरवंट. त्या कुळातल्या कित्येक जातींत मादी पतंग झाल्यावरही पिशवी सोडत नाही, पंख नाहीत, नर तिथेच येतो. आणि एका ढोलीत लांब मिशांचे, मातकट, पंखच नसलेले रातकिडे. यांच्यापाशी वहिनी बराच वेळ बसल्या. रातकिडा ओरडतो तो पुढचे पंख एकमेकांवर घासून. पंख नाहीत म्हणजे आवाज नाही. आजूबाजूला कान किटवणारी किरकिर चाललेली आणि हे त्यांच्यातलेच असून मुके.

"आवाज रेकॉर्ड करून जंगल मोजतात ना हल्ली," वहिनी म्हणाल्या, "त्यात हे कधीच येणार नाहीत."

तात्या दगडावर बसून बघत होते. मध्येच म्हणाले, "ह्या किड्यांका नाव काय?" वहिनी म्हणाल्या, "काहींना अजून कुणी ठेवलेलं नाही." तात्यांना ते पटलं नाही. देवाच्या रानातल्या वस्तूला नाव नाही म्हणजे काय!

पंख नसलेले सगळेच किडे दुर्मिळ किंवा गरीब बिचारे असतात, असंही नव्हे. जेवताना वहिनींनी कोलेमानिया नावाच्या नाकतोड्याची गोष्ट सांगितली. दख्खनचा बिनपंखी नाकतोडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूर-धारवाडकडे याने ज्वारीची पिकं फस्त केली होती, पायी चालत येऊन. त्याला काळ्या मातीचा अख्खा मुलूख मोकळा होता. पानांच्या ओल्या थराखेरीज जगताच न येणाऱ्यांना तसा मुलूख कुठे आहे?

अंधार पडल्यावर परवानगी घेऊन पुन्हा रानाच्या कडेला गेलो. काजव्यांचा हंगाम सरत आलेला, तरी तुरळक लुकलुक होती. वहिनींनी बॅटरी विझवायला लावली. जमिनीलगत पानांमध्ये एक हिरवट उजेड होता, लुकलुकत नव्हता, नुसता जळत होता. जवळ गेल्यावर चपटी, वळ्यावळ्यांची अळी वाटावी असा जीव. काजव्यांच्या काही जातींत मादी वयात आली तरी अळीच्याच रूपात राहते. ती उजेड दाखवते, नर उडत तिला शोधतो. तिची पिल्लं पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात. म्हणजे तिला ओल हवी, गोगलगाय हवी, आणि काळोख हवा.

रविवार

आजचा दिवस थोडक्यात, कारण बघण्यासारखं फार नव्हतं.

दुसरं गाव, दुसरी देवराई, हिचंही नाव घेत नाही. झाडं शाबूत आहेत, एकही तोडलेलं नाही. त्याबद्दल गावाला दंडवत. पण देवळाचा जीर्णोद्धार झालाय, सभामंडप आला, त्याच्या चहूबाजूंनी पेव्हर ब्लॉक, पुढे वाहनतळ, झाडांच्या बुंध्यांना सिमेंटचे पार आणि त्यांना गेरू-चुना. चार खांबांवर हॅलोजन. उरलेल्या रानात दर आठवड्याला तरुण मंडळी झाडलोट करतात आणि पाचोळा कोपऱ्यात जाळतात.

आम्ही चार ठिकाणी चाळण धरली. लालसर काटेमुंग्या, दोन कोळी, गुटख्याची पुडी.

मंडळाचा अध्यक्ष पंचविशीतला, चांगला पोरगा. त्याने चहा पाजला. सुशोभीकरणाचा निधी कसा मिळवला ते सांगितलं. माहेरवाशिणी ओटी भरायला येतात, त्यांना चिखल नको, म्हाताऱ्यांना पाय घसरायची भीती, साप निघाला तर बोंब. यातलं एकही कारण खोटं नाही. शहरात बसून पेव्हर ब्लॉकला नावं ठेवणं सोपं आहे, मी स्वतः ज्या सोसायटीत राहतो तिथे मातीची एक वीत शिल्लक नाही.

वहिनी त्याला म्हणाल्या, "वाट करा, मंडप करा, काही हरकत नाही. पण मंडपाच्या मागे झाडता कशाला?"

"घाण दिसता मॅडम. फोटोत पण येता."

त्याची आजी ओसरीवरून ऐकत होती. "आमच्या वेळेक थंय पाय घोट्यापर्यंत पातेऱ्यात जाय. आणि कोण उचली नाय. आता देवाचा रान आमच्या खळ्यापरास साफ." पोरगा हसला. आजी हसत नव्हती.

माझं मत या ओसरीवर पक्कं झालं. देवराईवर कुऱ्हाड आली तर ती दिसते, गाव भांडतं, पेपरात येतं. झाडूचं तसं नाही. भक्तीने, श्रमदानाने, फुकट हातांनी तिथली जमीन मरते आणि वर पानं हिरवीच राहतात. महाराष्ट्रात अडीच हजारांहून जास्त देवरायांची नोंद झाली आहे. त्यातल्या कितींची जमीन अजून जिवंत आहे हे झाडांची यादी बघून कळायचं नाही.

सोमवार

दोडामार्ग तालुका. वाटेत दोन्ही बाजूंना काजू, अननस आणि रबर. रबराच्या बागेत शिरलं तर एका ओळीत झाडं आणि खाली तणनाशक मारून केलेली नागडी जमीन. काजूच्या बागेतही बी वेचायला सोपं जावं म्हणून खालचं सगळं साफ करतात. यातून चालत पलीकडच्या देवराईत पोचणं बिनपंखी मादीला समुद्र ओलांडण्यासारखं आहे. दोन देवरायांमध्ये एक किलोमीटर अंतर असलं तरी त्यांच्यापुरती ती दोन बेटं, आणि बेट लहान असलं की एक वणवाही पुरतो.

हेवाळे-बांबर्डेला पोचलो. इथे गावाने राखलेल्या देवाच्या रानात जंगली जायफळाची दलदल आहे, मायरिस्टिका मॅग्निफिका. ही झाडं बारमाही ओल्या चिखलात उभी राहतात आणि श्वासासाठी मुळं गुडघ्यासारखी वाकवून वर काढतात. महाराष्ट्रात अशी दलदल असल्याचं अलीकडेच कळलं आणि २०२१ साली तिलाही वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. याच तालुक्यात २००२ पासून कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती फिरतात, त्यामुळे वाटाड्या पुढे आणि आम्ही गुपचूप मागे.

चाळण काढलीच नाही. पाण्यात पाचोळा चाळण्यात अर्थ नव्हता आणि त्या मुळांमध्ये उगाच पाय घालणं वहिनींना मंजूर नव्हतं. पावसात जमिनीवरची वस्ती खोडांवर चढते, म्हणून आम्ही खोडं बघितली. एका गुडघ्याएवढ्या मुळावर काडीकिडा, पंखांचा पत्ता नाही, पुढचे पाय सरळ ताणून शेवाळात बेमालूम. मी त्याच्यावर हात ठेवणारच होतो.

परतताना वाटाड्याला विचारलं, वारसा स्थळ झाल्याने काय बदललं? तो म्हणाला, साहेब लोक येऊन बघून जातात, आमची पोरं नावं सांगू शकतात. मला हे उत्तर कमी वाटलं, वहिनींना पुरेसं वाटलं. त्यांनी गाडीत कायद्याचा पाढा म्हटला. २००२ च्या जैवविविधता कायद्यात वारसा स्थळाची तरतूद आहे, प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांची, म्हणजे तिथल्या देवरायांची, पाहणी करून त्यांना अधिसूचित करण्याचे आदेश दिले. "पण नोंदवहीत लिहितात काय? वड, पिंपळ, मोर, बिबट्या. जमिनीला रकानाच नाही."

मंगळवार

सकाळी हद्द ओलांडून गोव्यात, सत्तरी तालुक्यात. बांबर गावची निरंकाराची राय, हीही जायफळाची दलदल. देव निरंकार, नावाप्रमाणे मूर्ती नाही. पाऊस एवढा की चष्म्यातून काही दिसेना. बाहेर भेटलेल्या आजोबांनी एका वाक्यात नेम सांगितला, "हांगासरलें कितेंच व्हरचें न्हय." इथलं काहीच न्यायचं नाही. कालपर्यंत मालवणीत ऐकलेलं, आज कोंकणीत. आत फार गेलो नाही. काठावर उभं राहून नमस्कार केला, वहिनींनी तापमान आणि ओल नोंदवली, मी जळवा काढल्या.

दुपारी परतीच्या वाटेवर रविवारच्या गावात पुन्हा थांबलो. हे ठरवलेलं नव्हतं, अध्यक्ष पोराचा फोन आला होता. देवळात मंडळाचे पाचसहा जण आणि गावातले दोन मानकरी जमले होते. आजीने घरात भांडण काढलं होतं म्हणे. वहिनींनी छापील कागद वगैरे काही काढला नाही. तीनच गोष्टी मागितल्या. मंडपाच्या मागचा भाग झाडायचा नाही आणि तिथला पाचोळा जाळायचा नाही. मागच्या बाजूचे दोन हॅलोजन जत्रेपुरते लावायचे. आणि हे दोन्ही नेम नोंदवहीत लिहायचे, देवाच्या नावाने.

चर्चा तासभर चालली. सापाचा मुद्दा तीनदा आला. एक मानकरी म्हणाले, पूर्वी नेम होताच, तो मोडला कोणी हे आधी सांगा, आणि मग ते सांगण्यातच पंधरा मिनिटं गेली. शेवटी हॅलोजन मान्य झाले, विजेचं बिल वाचतं म्हणून. झाडण्याबद्दल कौल लावून ठरवायचं आणि तो दिवाळीनंतर, जत्रेच्या आधी. तोपर्यंत झाडू बंद.

उठताना अध्यक्षाला कल्पना सुचली. मागच्या भागात मोठा बोर्ड लावू, काजव्याच्या मादीचा फोटो, खाली मंडळाची नावं. पाया आपण पक्का सिमेंटचा घालू, चार बाय चारचा.

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा बसल्या.